पोर्ट ऑफ स्पेनला जाताना

दोन अंकांपूर्वी या सदरात त्रिनिदादच्या राजधानीतील माझ्या अकरा दिवसांच्या मुक्कामाचा ओझरता उल्लेख आला होता. तेवढ्यावरून इतकी पत्रे येतील, असे मला वाटले नव्हते. काहींना खरोखर जायचे आहे, काहींना नुसतेच विचारायचे आहे. दोघांनाही सारख्याच मनाने उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नावांऐवजी फक्त तालुका छापला आहे.

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त शिक्षक आहोत. थोडी संत्र्याची बाग आहे. मुलगी टोरांटोला असते आणि या हिवाळ्यात आठवडाभर कॅरिबियनला नेते म्हणते. समुद्रकिनारी नुसते लोळत पडण्याची आम्हाला आवड नाही. पोर्ट ऑफ स्पेन आमच्यासाठी योग्य ठरेल काय? केव्हा जावे? (वरुड तालुका)

उत्तर : लोळण्याची आवड नाही हे आपणच सांगितलेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले. पांढऱ्या वाळूवर आरामखुर्च्या मांडलेले जे कॅरिबियन जाहिरातींत दिसते, ते येथे नाही. पोर्ट ऑफ स्पेन हे बंदराचे, कचेऱ्यांचे, गर्दीचे आणि विलक्षण बोलके शहर आहे. ते पारियाच्या आखातावर वसले आहे, आखाताचे पाणी गढूळ असते आणि शहरात पोहण्याजोगा किनारा नाही. पोहणारे लोक उत्तरेची डोंगररांग ओलांडून माराकासला जातात. मोटारीने पाऊण तासाचा घाट आहे आणि त्या घाटातून दिसणारा समुद्र पाण्यात न उतरणाऱ्यांनीही पाहावा असा आहे.

देश किती मोठा, हे कळण्यासाठी आपल्याच शेजारचे माप घेऊ. त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन्ही बेटांचे मिळून क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे वर्धा जिल्ह्याहूनही कमी. आणि लोकसंख्या सुमारे १४ लाख, म्हणजे जवळपास वर्धा जिल्ह्याएवढीच. त्यामुळे राजधानीत खोली घेऊन राहावे, सकाळी न्याहारी करून निघावे आणि त्रिनिदादचे कोणतेही टोक पाहून दिवेलागणीला परतावे, असा बेत सहज जमतो. टोबॅगोला मात्र बोटीने तीन तासांहून अधिक लागतात. विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. आठवडाभरच हाती असेल, तर टोबॅगो सोडून द्यावे, असे मी सुचवीन.

शहराचा जीव क्वीन्स पार्क सव्हाना नावाच्या मैदानात आहे. सुमारे २६० एकरांचे हे मोकळे रान भर राजधानीत आहे. पूर्वी तो उसाचा मळा होता. १८१७ साली शहरासाठी तो विकत घेतला गेला आणि पुढे कित्येक वर्षे तेथे गुरे चरत. आपल्याकडची ई-क्लास, म्हणजे गायरानाची, जमीन डोळ्यांपुढे आणा आणि तिच्यावर दोनशे वर्षांत एकही अतिक्रमण झाले नाही अशी कल्पना करा. (कल्पना करणे जड जाईल, हे मला ठाऊक आहे.) मळ्याच्या जुन्या मालकांच्या कुटुंबाचे दफनस्थान मात्र आजही मैदानात भिंतीआड जपून ठेवलेले आहे. मैदानाभोवतीच्या साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर संध्याकाळी सारे शहर चालायला येते, कडेला गाड्यांवर शहाळी सोलली जातात आणि पश्चिमेच्या अंगाला विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या सात वाड्यांची रांग उभी आहे. त्यांपैकी एक स्कॉटिश किल्ल्यासारखा आहे, एक चक्क शाळा आहे. वाडे बाहेरूनच पाहिले तरी पुरे. खरा आनंद शहाळेवाल्याच्या गाडीजवळ उभे राहून लोकांचे बोलणे ऐकण्यात आहे. काम नसताना चार माणसांनी जमून वेळ घालवणे याला तेथे 'लाइमिंग' म्हणतात. आपण ते पारावर करतो. फरक एवढाच, की तेथे त्याबद्दल कोणी रागावत नाही.

जानेवारी ते मे हा कोरडा काळ असतो, जून ते डिसेंबर पावसाचा. बेट विषुववृत्तापासून अवघ्या साडेदहा अंशांवर असल्यामुळे कॅरिबियनमधील बहुतेक चक्रीवादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. आंबिया बहाराचा तोडा आटोपून आपण जानेवारीच्या मध्यावर निघालात, तर हवा उत्तम मिळेल. तापमान बहुधा बत्तिसाच्या पुढे जात नाही. आपल्या मे महिन्याची सवय असलेल्यास तो उन्हाळा वाटणारच नाही, घाम मात्र अधिक येईल. मार्चनंतर गेलात तर पोईची झाडे पाने टाकून पिवळ्या आणि गुलाबी फुलांनी भरलेली दिसतील, आणि फाल्गुनात पळस पाहिलेला माणूस त्यांच्यापाशी थबकल्याशिवाय राहणार नाही.

भारतातून थेट विमान नाही. आपल्याला मात्र टोरांटोहून थेट विमान मिळेल, ही मोठी सोय आहे. कॅनडाचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे मुलीला आधी तपासायला सांगा, नाहीतर त्रिनिदादहून परत टोरांटोला शिरताना पंचाईत होईल. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा भारतीयांना व्हिसा लागतो. त्रिनिदादच्या प्रवेशाचे चालू नियम त्या देशाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयाकडून विचारून घ्यावेत. ओळखीच्या एजंटाच्या शब्दावर विसंबू नये.

प्रश्न : माझ्या मेहुण्याला आफ्रिकेतून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नाही म्हणून विमानतळावरून विलगीकरणात नेले होते. त्रिनिदादहून येणाऱ्यांनाही हा नियम आहे का? (दिग्रस तालुका)

उत्तर : आहे, आणि तो बहुतेकांना जाताना नव्हे तर परतताना कळतो. भारत सरकारने पिवळ्या तापाचा संभव असलेल्या देशांची जी यादी केली आहे, तीत त्रिनिदाद बेटाचा समावेश आहे. आपल्याकडे हा रोग नाही, परंतु तो पसरवणारा डास भरपूर आहे. म्हणून ही कडक तपासणी. अशा प्रदेशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याजवळ लशीचा आंतरराष्ट्रीय दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय प्रसिद्ध करते आणि तेथे ठरावीक दिवशीच लस देतात, त्यामुळे महिनाभर आधी चौकशी करावी.

वरुडच्या शिक्षक दांपत्यानेही हे उत्तर वाचावे. साठीच्या पुढच्या माणसांना या लशीचा गंभीर त्रास होण्याचा संभव तरुणांपेक्षा अधिक असतो आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी ती घेऊ नये. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्रिनिदादहून परतल्यावर आपण मुलीकडे आठवड्याहून अधिक राहून मग भारतात आलात, तर सहा दिवसांचा हा नियम आपल्याला लागू होत नाही. परंतु केवळ दाखला लागत नाही म्हणून लस टाळू नये, कारण डास कोणाचा पासपोर्ट पाहत नाही.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. आमच्या बचत गटाचे पापड-लोणच्याचे काम असल्यामुळे परक्या ठिकाणी लोक काय खातात हे जाणून घेण्याची मला उत्सुकता आहे. पोर्ट ऑफ स्पेनला माझ्यासारखीची उपासमार होईल का? (आर्वी तालुका)

उत्तर : ताई, उपासमार तर नाहीच, उलट आपल्याला तेथे वारंवार आपले स्वयंपाकघर ओळखीचे वाटेल आणि दर वेळी काहीतरी वेगळे निघेल.

सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला दांडीवर छत्री लावलेली गाडी उभी राहते आणि तिच्याभोवती कचेरीत जाणारे साहेब, बांधकामावरचे मजूर आणि गणवेशातली मुले एकाच घोळक्यात उभी असतात. तेथे 'डबल्स' मिळतात. हळद घातलेल्या मैद्याच्या मऊ, तळहाताएवढ्या तळलेल्या पुऱ्यांना 'बारा' म्हणतात. हा शब्द आपल्या बड्या-वड्याचाच भाऊ आहे. मी ज्याच्याकडे रोज जात असे, तो विक्रेता डाव्या हातावर कागदाचा चौकोन ठेवी, त्यावर एकाला एक किंचित चिकटलेले दोन बारा टाकी, मधोमध शिजलेल्या काबुली चण्याचा एकच पळीभर रस्सा ओती, वर चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि कैरीचा 'कुचेला' घाली आणि कागदाची दोन टोके पिळून पुडी माझ्या हातात देई. हे सारे दहा सेकंदांत होई, आणि तेवढ्यात तो मागच्या गिऱ्हाइकाचे पैसेही मोजून घेई. कुचेला म्हणजे किसून वाळवलेल्या कच्च्या कैरीचे मोहरीच्या तेलातले लोणचे. आपल्या गटाने तो करून पाहायला हरकत नाही.

विक्रेता 'पेपर' किती, असे विचारतो. ते मिरीविषयी नसून मिरचीविषयी आहे. 'स्लाइट' म्हणावे, म्हणजे किंचित. सावजी रस्सा खाणाऱ्या आपल्या माणसांनी येथे फुशारकी मारू नये. दक्षिण त्रिनिदादमधील मोरुगा गावाच्या नावाची मिरची २०१२ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठाने केलेल्या तपासणीत जगातील सर्वांत तिखट ठरली होती. मी पहिल्या दिवशी 'भरपूर' म्हणालो आणि पुढचा तासभर सव्हानावरच्या शहाळेवाल्याचा चांगला धंदा झाला.

दुपारी रोटीच्या दुकानात जावे. 'धालपुरी' ही वाटाण्याची डाळ शिजवून, भरडून, जिरे घालून लाटलेली पातळ पोळी असते. पुरणपोळीतला गूळ काढून टाकावा आणि ती दुप्पट मोठी लाटावी, तशी. दुसऱ्या प्रकारात तव्यावरचा पराठा लाकडी उलथन्यांनी बडवून चिंध्या चिंध्या करतात, म्हणून त्याला फाटक्या सदऱ्याचे नाव पडले आहे. बरोबर भोपळा, बटाटा-चणे, वांग्याचा 'चोखा' मागावा. वांगे विस्तवावर भाजून, सोलून, लसणासह कुस्करलेला हा चोखा खाताना शेतातल्या भरिताची आठवण आली नाही, तर मला पत्राने कळवावे. 'भाजी' हा शब्दही तेथे आहे, पण त्याचा अर्थ फक्त पालेभाजी.

दोन गोष्टींत सावध राहावे. 'कॅलालू' हे अळूच्या, म्हणजे आपल्या धोप्याच्या पानांचे, भेंडी आणि नारळाचे दूध घालून केलेले दाट कालवण फार चवदार असते, परंतु त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले मांस घालतात. सव्हानावर मिळणाऱ्या मक्याच्या सूपचेही तसेच. विचारल्याशिवाय वाटी हातात घेऊ नये. आणि कोणी पूजेचे किंवा लग्नाचे आमंत्रण दिले, तर अजिबात नाकारू नये. सोहारी नावाच्या लांबरुंद पानावर सात प्रकारच्या भाज्या वाढलेली ती पंगत पूर्ण शाकाहारी असते, आणि पळसाच्या पत्रावळीवर जेवलेल्या माणसाला तेथे काटा-चमचा मागावासा वाटत नाही.

प्रश्न : आमच्या नांदुऱ्याला १०५ फुटांचा हनुमान आहे. त्रिनिदादलाही मोठा हनुमान आहे असे ऐकले. तो आमच्यापेक्षा मोठा आहे का? तेथे आपली माणसे केव्हा आणि कशी गेली? (नांदुरा तालुका)

उत्तर : निश्चिंत असावे, कारापिचैमाचा हनुमान ८५ फुटांचा आहे, म्हणजे नांदुऱ्याला धोका नाही. ते गाव राजधानीच्या दक्षिणेस आहे आणि मोटारीने सुमारे तासाभरात पोहोचता येते. विशेष हे, की मूर्ती ज्या मंदिराच्या आवारात उभी आहे ते दत्तात्रेयाचे आहे. कारंजा आणि माहूर करणाऱ्या आपल्या मंडळींना इतक्या दूर दत्तमहाराज भेटतील, अशी अपेक्षा नसते. मंदिराची बांधणी दक्षिणी धाटणीची आहे आणि मूर्ती २००३ साली उभी राहिली.

३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून २२५ च्या आसपास मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदराला लागले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून करारावर ही भरती सुरू झाली आणि ती १९१७ पर्यंत चालली. एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे या काळात गेली. त्यांत बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होती, काही मद्रासकडील. आपल्या वऱ्हाडातले कोणी असल्याचे मला आढळले नाही. आज देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आहेत, ३० मे हा सुटीचा दिवस आहे, दिवाळीलाही सरकारी सुटी असते आणि सध्याच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचे पूर्वज बिहारमधून गेलेले आहेत.

कारापिचैमाला जाल तर जवळच वॉटरलूचे समुद्रातील मंदिर अवश्य पाहावे. माझ्या मते हनुमानापेक्षाही ते पाहण्यासाठी जावे. शिवदास साधू हा उसाच्या मळ्यातला मजूर. त्याने किनाऱ्यावर एक लहान देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती; १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आले आणि त्याला चौदा दिवसांची कैद आणि दंड झाला. जमीन सगळी कोणाची ना कोणाची असते, समुद्र मात्र कोणाचाच नाही, असे त्याने मनाशी धरले आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात भर घालायला सुरुवात केली. दगड आणि सिमेंट तो सायकलवरून नेत असे. तेलाच्या रिकाम्या पिंपांत काँक्रीट भरून त्याने पाया घातला. असे पंचवीस वर्षे चालले. लाटांनी झिजवलेले त्याचे बांधकाम भारतीय आगमनाच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने १९९५ च्या सुमारास सरकारने नव्याने बांधून पूर्ण केले. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात रोवलेल्या बांबूंवर लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या 'झंड्या' फडफडत होत्या आणि शेजारच्या घाटावर एक चिता विझत आली होती. हिंदूंच्या घरांपुढे अंगणातही अशाच झंड्या दिसतात; प्रत्येक पूजेनंतर एक नवा बांबू लागतो, त्यामुळे झंड्या मोजल्या की घरात किती पूजा झाल्या ते कळते.

प्रश्न : मी झाडीपट्टी रंगभूमीवर काम करतो. पोर्ट ऑफ स्पेनचा कार्निव्हल नेमका काय असतो? परक्या माणसाला त्यात भाग घेता येतो का? (देसाईगंज तालुका)

उत्तर : रात्रभर नाटक करून पहाटे तोंडाचा रंग पुसणाऱ्या तुमच्यासारख्या कलावंताला कार्निव्हल समजायला वेळ लागणार नाही, कारण तो पहाटेच सुरू होतो. ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ 'ॲश वेन्सडे' या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे सोमवार आणि मंगळवार कार्निव्हलचे. २०२७ मध्ये ते ८ आणि ९ फेब्रुवारीला येतात. सोमवारी उजाडण्यापूर्वी 'जुवे' होतो: अंगाला चिखल, रंग, काळे तेल फासून हजारो माणसे रस्त्यावर उतरतात. नागपूरची मारबत आणि आपली धुळवड एकाच पहाटे, ढोलाऐवजी पोलादी वाद्यांवर होत आहे असे समजा. सोमवारी आणि मंगळवारी दिवसभर वेशभूषा केलेले जथे मिरवतात.

याला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेले फ्रेंच मळेवाले मुखवटे घालून नाच करीत आणि गुलामांना त्यात जागा नसे. गुलामगिरी संपल्यावर त्याच माणसांनी मशाली घेऊन रस्ता ताब्यात घेतला. १८८१ मध्ये पोलिसांशी दंगल झाली आणि पुढे सरकारने ढोलांवर बंदी घातली. मग लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, त्यानंतर बिस्किटांचे डबे आले आणि शेवटी तेलाची पिंपे. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करायचा आणि त्यात वेगवेगळ्या आकाराचे उंचवटे काढून स्वर बांधायचे, अशा रीतीने १९३० ते १९५० च्या दरम्यान 'स्टीलपॅन' घडले. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झाले. साध्या पिंपातून इतका गोड आवाज निघतो की पहिल्यांदा ऐकताना मी वादकाच्या मागे जाऊन दुसरे काही वाद्य दडवले आहे का ते पाहिले.

भाग घेता येतो. वेशभूषेच्या जथ्याला 'बँड' म्हणतात. पैसे भरून पोशाख घेतला की तुम्ही त्या बँडचे झालात. परंतु मोठ्या बँडचे आजचे पोशाख म्हणजे बहुतांशी मणी आणि पिसे, आणि किंमत भरमसाठ. कलावंत म्हणून तुमचे लक्ष जुन्या सोंगांकडे असावे: उंच काठ्यांवर चालणारा मोको जंबी, पॅरामिन गावचे निळे सैतान आणि विशेषतः 'मिडनाइट रॉबर'. झालर लावलेली प्रचंड टोपी आणि झगा घालून हा दरोडेखोर तुमच्या वाटेत उभा राहतो, आपल्या पराक्रमाच्या अशक्य बढाया एका दमात म्हणतो आणि पैसे दिल्याशिवाय सोडत नाही. आपल्या बहुरूप्याचा हा सख्खा भाऊ आहे. त्याला पैसे देण्याआधी पूर्ण ऐकून घ्या. मधेच नाणे दिले तर अर्ध्यावरच निघून जातो, हा माझा अनुभव.

खिशाला परवडणारा सल्ला असा, की कार्निव्हलच्या दोन दिवसांत राहण्याचे दर आभाळाला भिडतात, म्हणून तीन आठवडे आधी जावे. त्या काळात वाद्यवृंद आपापल्या अंगणात, म्हणजे 'पॅनयार्ड'मध्ये, रोज संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत 'पॅनोरामा' स्पर्धेचा सराव करीत असतात. शंभर-शंभर वादक एकच तुकडा पन्नास वेळा वाजवतात, आणि बाजूला उभे राहून ऐकणाऱ्याला कोणी हटकत नाही. मला प्रत्यक्ष मिरवणुकीपेक्षा हा सराव अधिक आवडला. तालीम पाहण्याची गोडी तुम्हाला वेगळी सांगायला नको.

प्रश्न : क्रिकेटप्रेमींनी तेथे काय पाहावे? (दारव्हा तालुका)

उत्तर : क्वीन्स पार्क ओव्हल. मागे हिरव्या डोंगरांची भिंत असलेले हे मैदान भारतीय क्रिकेटसाठी तीर्थ आहे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने येथे वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि सुनील गावसकरांनी पदार्पणातच ६५ आणि नाबाद ६७. त्याच मालिकेत, याच मैदानावर, गावसकरांनी पुढे १२४ आणि २२० काढल्या. एप्रिल १९७६ मध्ये विजयासाठी ४०३ धावा हव्या असताना भारताने येथे ४ बाद ४०६ केल्या. आमच्या गावात तेव्हा एकच चांगला रेडिओ होता, आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत बसलेला मी, ओव्हलच्या फाटकापाशी पोहोचल्यावर थोडा वेळ काहीच बोललो नाही. सामना नसेल तेव्हा क्लबच्या कार्यालयात नम्रपणे विचारावे.

प्रश्न : आम्ही तीन शिक्षिका मिळून जाण्याचा विचार करतो आहोत. शहर सुरक्षित आहे का? फिरायचे कसे? (मूल तालुका)

उत्तर : गोड बोलून आपली फसवणूक करणार नाही. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे तेथे ३० डिसेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली होती. हा हिंसाचार बहुतांशी ठरावीक वस्त्यांत होतो. लॅव्हेंटिल, बीटम आणि सी लॉट्स या भागांकडे पर्यटकाने फिरकू नये. सव्हानावर संध्याकाळी गर्दीत चालावे, अंधार पडल्यावर नाही. रात्री बाहेर पडायचे तर मुक्कामाच्या ठिकाणाहून ओळखीची टॅक्सी ठरवून घ्यावी. दागिने घरी ठेवून जावेत. मंगळसूत्रही साधे असावे. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात आणि परिस्थिती चिघळलेली असेल, तर बेत पुढे ढकलावा. एवढी काळजी घेतली तर तिघींनी जाण्यास हरकत दिसत नाही.

दिवसा फिरण्यासाठी आपल्या काळी-पिवळीसारख्या सामायिक गाड्या आहेत. लहान बसना 'मॅक्सी टॅक्सी' म्हणतात आणि अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून त्यांचा मार्ग कळतो: पिवळा राजधानी परिसराचा, लाल पूर्वेचा, हिरवा दक्षिणेचा. मोटारी असतील तर नंबर 'एच' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो ना, हे पाहूनच बसावे. गाडी भरेपर्यंत हलत नाही, हे आपल्याला शिकवायला नको. पण चढताना सर्वांना उद्देशून 'गुड मॉर्निंग' म्हणण्याची तेथे रीत आहे आणि न म्हणणारा उद्धट समजला जातो.

दुपारी चारच्या सुमारास निघणारी कारोनी खाजणातील नौकेची सफर तिघींनी चुकवू नये. खारफुटीच्या बोगद्यांतून नाव उघड्या पाण्यात येते आणि सूर्यास्ताला लालभडक शराटी पक्षी शेकड्यांनी एका बेटावर उतरतात. आपल्या शेतात दिसणाऱ्या काळ्या शराटीच्याच कुळातली ही. खेकडे आणि कोळंबीसारख्या खाद्यातील रंगद्रव्यामुळे तिला हा रंग येतो. पाहता पाहता हिरवे झाड लाल होते.

आणखी एक: लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालणे त्रिनिदादमध्ये गुन्हा आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले ज्या पँट सर्रास घालतात, तशी पिशवीसुद्धा नेऊ नये.

प्रश्न : पैसे, वेळ आणि मोबाइलचे चार्जिंग याविषयी सांगावे. (चिखली तालुका)

उत्तर : अमेरिकी डॉलर न्यावेत, एका डॉलरला तेथील पावणेसात डॉलरच्या आसपास मिळतात. रुपये कोणी बदलून देत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. वीज ११५ व्होल्टची आहे आणि प्लगला दोन चपट्या पट्ट्या लागतात. मोबाइलचे चार्जर चालतात, घरची इस्त्री चालत नाही.

प्रश्न : तेथील भारतीय लोकांशी हिंदीत बोलता येईल का? आणि भेट म्हणून काय न्यावे? (सेलू तालुका)

उत्तर : हिंदी बोलणारे फार थोडे उरले आहेत. पहिल्या पिढ्यांची भोजपुरी आता घरातल्या नात्यांत, भांड्यांत आणि पूजेत शिल्लक आहे. बाकी सारे इंग्रजीत, तेही त्यांच्या स्वतःच्या वळणाच्या इंग्रजीत चालते. म्हणून 'तुम्ही भारतीय असून हिंदी येत नाही?' असे विचारू नये. ते त्रिनिदादचे आहेत, पाच-सहा पिढ्यांपासून आहेत, आणि आपल्यासमोर परीक्षा द्यायला बसलेले नाहीत. तवा, चुल्हा, दाल हे शब्द मात्र कानावर पडतात. वडिलांच्या आई-वडिलांना ते 'आजी' आणि 'आजा' म्हणतात, आणि खेड्यात वाढलेल्या आपल्या माणसाला तेवढ्याने एकदम जवळीक वाटते.

बियाणे, रोपे, सुटी फळे अजिबात नेऊ नयेत. बंद पाकिटातील खाद्यपदार्थही विमानतळावरच्या फॉर्ममध्ये नमूद करावेत. मी वर्ध्याचा गोरसपाक नेला होता. ज्यांच्या घरी एक दुपार जेवलो, त्या घरच्या ऐंशीच्या पुढच्या आजींनी एक तुकडा खाल्ला, दुसरा पदरात नव्हे, एप्रनच्या खिशात ठेवला आणि माझ्या जिल्ह्याचे नाव तीनदा विचारून घेतले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने ते लिहिले. स्पेलिंग चुकले होते. मी दुरुस्त केले नाही.